चंद्राच्या खाणपट्ट्याला हरकत

चंद्रावर पहिली कुदळ मारण्याआधी जगातल्या कुठल्याही सरकारला माझ्या अक्काच्या सासऱ्यांची गाठ घ्यावी लागणार होती, याबद्दल निदान जळगावजवळच्या चोपडा गावात तरी कोणाला शंका नव्हती. अमेरिका असो की रशिया, यान उतरलं, दार उघडलं, शिडी लागली, की समोर आबा उभे असणार. स्वच्छ धोतर, काळी टोपी, काखेत लाल फडक्यात बांधलेलं दप्तर, आणि तोंडात पहिलाच प्रश्न, "जाहीरनामा कुठं डकवला होता?" त्या बिचाऱ्या अंतराळवीराने काय उत्तर द्यावं? आबांपुढे भल्याभल्या मामलेदारांची बोबडी वळायची, तिथं हवाबंद टोपडं घातलेल्या माणसाची काय कथा! ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. तेव्हा चोपड्यात लोक केळीच्या भावाबद्दल बोलत, कापसावरच्या किडीबद्दल बोलत, नळाला पाणी कधी येणार याबद्दल बोलत. आबा एकटे चंद्राच्या, मंगळाच्या आणि त्यांच्याही पलीकडे हिंडणाऱ्या उनाड दगडांच्या खनिजांबद्दल बोलत. आणि माझं दुर्दैव असं, की ते ज्याच्याशी बोलत तो बहुतेक वेळा मी असे.

आबा म्हणजे निवृत्त तलाठी. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमधून त्यांनी सगळी नोकरी काढली आणि मग चोपड्याला येऊन दोन एकर केळी लावली. सरकारने त्यांना निवृत्त केलं, पण त्यांनी काही सरकारला सोडलं नाही. जगातली कुठलीही वस्तू त्यांना चतुःसीमेशिवाय दिसतच नसे. चष्मा हरवला तर घरभर ओरडायचे, "पूर्वेस पाण्याचा तांब्या, पश्चिमेस पंचांग, अशा जागी ठेवला होता. कब्जा कोणी घेतला?" अक्काला बघायला आले तेव्हा आमच्या वडिलांना वाटलं, आता हे देण्याघेण्याचं काढणार. आबांनी चहा संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "मुलगी पसंत आहे. घराचा उतारा बघू." वडिलांनी घाबरून ट्रंकेतून उतारा काढून दिला. आबांनी तो दहा मिनिटं वाचला, मागच्या गल्लीकडची भिंत पावलांनी मोजून आले आणि म्हणाले, "व्याही, शेजाऱ्याने तुमची दीड वीत दाबली आहे. लग्नाचं बघू सावकाश. आधी हरकत घ्या." लग्न यथासांग झालं. शेजाऱ्याशी आमचं बोलणं मात्र त्या दिवसापासून बंद आहे.

आबांच्या डोक्यात चंद्र शिरला तो वर्तमानपत्रातून. आपला माणूस अंतराळात जाऊन आला, त्याच्या आगेमागे. सगळं गाव पेढे वाटत होतं. आबांनीही पेढा घेतला, खाल्ला, बोटं पुसली आणि विचारलं, "माणूस पाठवला ते उत्तम झालं. सोबत मोजणीदार पाठवला होता का?" मोजणीदार पाठवला नव्हता. झालं, आबांचं चैन गेलं. पुढे एका रविवारच्या पुरवणीत त्यांनी वाचलं, की चंद्रावर आणि अंतराळात भटकणाऱ्या दगडांवर लोखंड, निकेल असलं पुष्कळ काही आहे, मोठ्या कंपन्या ते कधी ना कधी खणून आणायचं म्हणताहेत, आणि त्यावर हक्क कोणाचा यावरून जगातले वकील आत्तापासून भांडताहेत. एक जुना करार म्हणतो, वरच्या जागेवर कुठल्याही देशाला मालकी सांगता येणार नाही. दुसरा नवा करार म्हणतो, तिथलं खनिज म्हणजे साऱ्या मानवजातीचा ठेवा. जुन्यावर मोठ्या देशांनी खुशाल सह्या ठोकल्या होत्या. नव्यावर मात्र ज्यांची माणसं चंद्रावर जाऊन आली होती, त्यांनीच सही केली नव्हती. आबांनी ते कात्रण कापलं, खळ लावून कोऱ्या कागदावर चिकटवलं, कोपऱ्यात पान क्रमांक एक असं घातलं आणि त्यावर लाल फडकं बांधलं. आमच्या दोन्ही घराण्यांचा सुखाचा काळ तिथं संपला.

त्या दप्तरातलं कायदेशीर म्हणणं मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की मला अजून झोपेतून उठवून विचारा. चंद्र म्हणजे जगाचं गायरान. गायरान एकाच्या मालकीचं नसतं, गुरं सगळ्यांची चरतात, इथवर सगळे कबूल. "पण गोम पुढे आहे पाहुणे," आबा बोट वर करून म्हणत. "तापी कोणाच्या बापाची आहे का? नाही. पण तापीतली वाळू एकदा ट्रकात पडली, की ट्रकवाला म्हणतो, ही माझी. हेच लोक वर जाऊन तेच करणार. म्हणतील, चंद्र आमचा नाही हो, चंद्र सगळ्यांचा, आम्ही आपलं खणलेलं तेवढं नेतो. असं नेता नेता शेवटी राहील काय, चाळणी?" मी एकदा म्हणालो, आबा, त्यांनी तिथं झेंडा लावून ठेवलाय. तर आबांना हसता हसता ठसका लागला. "झेंडा लावला म्हणजे ताबा झाला काय? मग आपल्या चौकातल्या लाइटच्या खांबाचा ताबा दर निवडणुकीला चार पक्षांकडे जातो. दिवा लावला का कोणी अजून?" पुढे त्यांनी लघुग्रहही अभ्यासाला घेतले. ते एका जागी राहत नाहीत, तेव्हा त्यांची चतुःसीमा कशी लिहायची यावर आठ दिवस घालवले, आणि शेवटी 'फिरतं गायरान' असं नाव देऊन त्यांचा वेगळा गट पाडला. खोटं कशाला सांगू, पुढे एका इंग्रजी मासिकात मी याच विषयावर एका प्राध्यापकाचा लांबलचक लेख वाचला. वाळूच्या ट्रकापलीकडे त्यालाही काही जाता आलेलं नव्हतं.

दर पौर्णिमेला दिवेलागणीच्या सुमाराला आबा केळीच्या बागेच्या कडेला खुर्ची टाकून बसत आणि उगवत्या चंद्राची पाहणी करत. तलाठी शेतावर पीक पाहणी करतो ना, तशीच. मांडीवर वही, कानावर पेन्सिल. "जागेत बदल नाही. काळे डाग पूर्वीप्रमाणे. अतिक्रमण दिसून येत नाही." ढग आले तर लिहायचे, "जागा आढळून आली नाही." एका कोजागिरीला अक्काने केशर-वेलची घालून दूध आटवलं, वीस माणसं बोलावली, आणि आबा म्हणाले, "थांबा, आधी पाहणी." वीस माणसं पेले हातात धरून उभी. दुधावर साय धरली. शेवटी अक्काचा पारा चढला. "आबा, चंद्र कुठं पळून चाललाय का?"

"पळत नाही सूनबाई, तोच तर वांधा आहे," आबा वहीतून मान वर न करता म्हणाले. "पळता आलं असतं तर त्याने स्वतःचं बघितलं नसतं का?"

अक्का वैतागायची. वैतागायची म्हणजे अगदी कपाळाला हात लावून. दाजी, म्हणजे तिचे यजमान, दिवसभर बागेत, तेव्हा आबांच्या तडाख्यात घरी तीच सापडायची. कात्रणांसाठी खळ तिने शिजवायची, लाल फडकं तिने धुवायचं, पोस्टाच्या पावत्या तिने सांभाळायच्या. माहेरी आली की पहिले दोन दिवस ती फक्त चंद्राला शिव्या द्यायची. मी म्हणायचो, अगं, सासरे पत्ते खेळत नाहीत, दारू पीत नाहीत, तुला बोलत नाहीत. ती म्हणायची, "तू ठेव त्यांना महिनाभर. मग बोल."

आता माझी भानगड सांगतो. मी जळगावला एका सरकारी कार्यालयात आवक शाखेचा कारकून होतो. बाहेरून आलेला प्रत्येक कागद माझ्या टेबलावर यायचा. त्यावर शिक्का मारायचा, क्रमांक घालायचा, मोठ्या रजिस्टरात चढवायचा आणि पुढच्या टेबलाकडे ढकलायचा. इतकं रटाळ काम दुसरं नसेल. पण आबांच्या लेखी माझ्या खुर्चीपुढे कलेक्टरची खुर्चीही फिकी होती. "ज्या कागदाला आवक क्रमांक नाही, तो कागद जन्मालाच आला नाही," हे त्यांचं पक्कं मत. आणि त्यांना आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती. चंद्रावर कोणालाही खाणपट्टा देण्याला त्यांची लेखी हरकत होती, आणि त्या हरकतीवर सरकारी शिक्का आणि आवक क्रमांक पडायला हवा होता. दिल्लीला पाठवून झालं होतं, मुंबईला पाठवून झालं होतं, साता समुद्रापलीकडच्या त्या जागतिक संस्थेलाही रजिस्टर पोस्टाने गेलं होतं. कुठूनच उत्तर नाही. "मला निकाल नको," ते म्हणत. "मी महसुलात होतो, निकालाची वाट बघण्याइतका खुळा नाही. फक्त उद्या कोणी असं म्हणायला नको, की मुदतीत हरकत आली नाही." हे म्हणताना मात्र त्यांचा आवाज दर वेळी जरा खाली यायचा. मी त्याकडे कधी लक्ष दिलं नाही.

महसुली वर्ष सरायच्या आत, दर उन्हाळ्यात, आबा एसटीने जळगावला येत. एका हातात केळीची फणी, दुसऱ्या हातात दप्तर. आमच्यात बहिणीच्या सासऱ्यांना नाही म्हणायची पद्धत नाही. ते दिसले की मी भर कचेरीत खुर्चीवरून उठून त्यांच्या पाया पडायचो. आशीर्वाद देऊन झाला की तेच आबा दोन पावलं मागे सरकायचे, टोपी नीट करायचे आणि म्हणायचे, "भाऊसाहेब, अर्ज घेऊन आलोय." खुर्ची दिली तर बसायचे नाहीत, अर्जदार बसत नसतो म्हणून. आता मी काय करू? शिक्का मारला तर साहेब माझी बदली थेट गडचिरोलीला करतील, नाही मारला तर अक्काच्या घरात माझं तोंड काळं. मग मी सबबी शोधायला लागलो. पहिल्या वर्षी म्हणालो, शिक्क्याचं पॅड वाळलंय. पुढच्या वर्षी आबा शाईची बाटली घेऊन आले. मग म्हणालो, रजिस्टर संपलंय. त्याच्या पुढच्या वर्षी चोपड्याच्या दुकानातून दोनशे पानी आखीव रजिस्टर घेऊन हजर. चौथ्या वर्षी त्यांना फाटकातून येताना बघितलं आणि मी सरळ टेबलाखाली शिरलो. तिथून मला त्यांच्या वहाणा दिसत होत्या. पाऊण तास त्या जागच्या हलल्या नाहीत. मग एक फणी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला आणि वहाणा निघून गेल्या.

पाचव्या वर्षी मला एक युक्ती सुचली. युक्ती कसली, दुर्बुद्धी! मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "आबा, प्रश्न कार्यक्षेत्राचा आहे. जळगाव म्हणजे पूर्व खानदेश, धुळे म्हणजे पश्चिम खानदेश. चंद्र मावळतो कुठं? पश्चिमेला. जागा धुळ्याकडे लागते." आबांनी डोळे मिटले, मनातल्या मनात नकाशा फिरवला आणि म्हणाले, "मुद्दा आहे." मला वाटलं, घरी जातील, विसरतील. कशाचं काय! ते तसेच स्टँडवर गेले आणि धुळ्याच्या गाडीत बसले. मे महिन्याचं ऊन, खिडकीतून नुसत्या झळा. धुळ्याला आवकेवर माझ्यासारखाच कोणीतरी टग्या बसला असावा. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, "आजोबा, मावळतो आमच्याकडे हे खरं. पण उगवतो जळगावकडून. उगवतीचा हक्क पहिला." दुसऱ्या दिवशी आबा पुन्हा माझ्या टेबलापुढे. मला वाटलं, आता काठीच घालतात डोक्यात. पण चेहरा लाल झालेला, ओठ सुकलेले, आणि डोळ्यांत नुसता आनंद! "भाऊसाहेब, काम झालं समजा. आज दोन कार्यालयांमध्ये कार्यक्षेत्राचा वाद उभा राहिला. म्हणजे विषय आहे, हे दोघांनीही मान्य केलं!"

चार दिवसांनी अक्काचा फोन आला, कचेरीतल्या एकुलत्या एक फोनवर. सगळी शाखा कान लावून बसलेली. आबांना ऊन लागलं होतं, ताप उतरत नव्हता, तापात ते धुळे-जळगाव करत होते. "तुला लाज नाही वाटत?" अक्का कडाडली. "चंद्र धुळ्याला मावळतो म्हणे! अरे, मी वैतागते ते माझ्या घरातलं आहे. माझे सासरे आहेत. तू कोण रे त्यांची मजा घेणारा?"  रजा टाकली आणि चोपड्याची गाडी धरली.

आबा खाटेवर पडले होते. अक्का त्यांच्या तळपायांना कांद्याचा रस चोळत होती. मला बघून उठली आणि तडक स्वयंपाकघरात गेली. आबांना माझा राग नव्हता, हेच जास्त लागलं. मी त्यांचे पाय धरले आणि कबूल केलं, की मी थट्टा केली. "ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण कार्यक्षेत्राचा मुद्दा खरंच चांगला होता." मग मला राहवेना. म्हटलं, आबा, जाऊ दे ना तो चंद्र खड्ड्यात. कशाला हवा तुम्हाला तो क्रमांक?

आबांनी उशी सरळ करून घेतली. मग बोलायला लागले. "नोकरीत नवा होतो. पायथ्याचं गाव, पंचवीस-तीस घरं. मागे एक टेकडी. गुरं तिच्यावर, सरपण तिच्यावरून, मोहाची फुलं, डिंक, सगळं तिच्यावरून. एका कंत्राटदाराने खडीसाठी त्या टेकडीचा खाणपट्टा मागितला. वरून जाहीरनामा आला, हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवा. मी तो चावडीच्या भिंतीवर डकवला. नियमाप्रमाणे."  मी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. "गावात कोणी नव्हतं पाहुणे. बठ्ठं गाव कामले गयेल व्हतं, हंगामाच्या मजुरीला, पार लांब. दारांना काट्या लावलेल्या. मला दिसत होतं ते. तरी मी रोज जाऊन बघायचो, कागद फाटला तर नाही ना. कागद शाबूत होता. वाचणार कोण? एक कुत्रं होतं. सोळाव्या दिवशी मी अहवाल लिहिला, मुदतीत हरकत आली नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. लोक परत आले तेव्हा टेकडीत सुरुंग उडत होते. एक म्हातारी माझ्याकडे आली. भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. तिकडे तलाठ्याला आप्पाच म्हणतात. एवढंच म्हणाली, आप्पा, आम्ही घरी नव्हतो हे तुला दिसत नव्हतं का? मी म्हणालो, जाहीरनामा लावला होता, बाई." आबांच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानाकडे गेलं, ते त्यांनी पुसलं नाही. "आता वर तर राहतंच नाही कोणी. कोणीतरी जाहीरनामा लावील आणि लिहील, हरकत आली नाही. माझ्या जिवात जीव असेतो असं कोणाला लिहू देणार नाही."

मला रडू आलं, सरळ सांगतो. पाच वर्षं ज्या माणसाला मी शाईच्या बाटल्या आणायला लावल्या, त्याच्या पायाशी बसून मी लहान पोरासारखा रडलो. स्वयंपाकघराच्या दारात अक्का उभी होती. तिनेही ही गोष्ट त्या दिवशीच पहिल्यांदा ऐकली. आत जाऊन तिने उगाच भांडी घासायला घेतली.

आबा बरे झाले आणि जून संपायच्या आत पुन्हा जळगावला आले. मी पाया पडलो, अर्ज घेतला, वाचला, शिक्का मारला, क्रमांक घातला, रजिस्टरात चढवला आणि पोच त्यांच्या हातात दिली. त्यांनी क्रमांक दोनदा वाचला. मग पहिल्यांदाच समोरच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "पाहुणे, जरा पाणी मागवा."

माझा विचार असा होता, की तो कागद गठ्ठ्याच्या तळाशी ठेवून द्यावा. पण क्रमांक पडलेला कागद म्हणजे काय चीज असते, हे आबांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तपासणी आली, प्रलंबित कागद निघाले, त्यात हाही निघाला. नमुन्यात रकाना होता म्हणून आबांनी 'मौजे चंद्र' असं लिहिलेलं होतं. पुढच्या टेबलाने त्यावर शेरा मारला, "तालुका नमूद नाही. अर्जदार राहत असलेल्या तालुक्याकडून अहवाल मागवावा." तालुक्याने शेरा मारला, "तलाठी यांनी स्थळपाहणी करून पंचनामा सादर करावा." सगळ्यांनी सह्या केल्या, वाचलं कोणीच नाही. आणि एका पौर्णिमेला चोपड्याचा तरुण तलाठी भर दुपारी घाम पुसत आबांच्या दारात येऊन उभा राहिला. जागा कुठं आहे म्हणून विचारू लागला. आबा म्हणाले, "बसा आप्पा. साडेसहाला उगवेल." बिचारा वरच्या हुकमापुढे काय करणार? बसला. अक्काने शिरा केला. शेजारचा एक केळीवाला आणि एक चहावाला असे दोन पंच बोलावले. त्या पंचनाम्याची नक्कल माझ्याजवळ आहे. "अर्जदाराने समक्ष बोटाने दाखवलेली जागा पाहिली. जागा उंचावर असल्याने मोजणीची साखळी लावता आली नाही. पूर्वेस आकाश, पश्चिमेस आकाश, दक्षिणेस आकाश, उत्तरेस लिंबाची फांदी. जागेवर उत्खनन चालू असल्याचे दिसून येत नाही. जागेवर पीक नाही." फांदीवरून आबांनी अर्धा तास हुज्जत घातली. फांदी तात्पुरती आहे, वाऱ्याने हलते, ती सीमा धरता येत नाही! पण तलाठी म्हणाला, दिसलं ते लिहिलं. त्यावर आबा खूश झाले, म्हणाले, पोरगा चांगला निघेल. दुसऱ्या दिवशी अक्का नळावर बायकांना सांगत होती, "आमच्या आबांचा पंचनामा झाला." जणू काही बारसं झालं होतं.

त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी, नव्वद साल उलटून गेल्यावर, एका हिवाळ्यात आबा गेले. बागेतून आले, हातपाय धुतले, खाटेवर आडवे झाले, ते झालेच. सगळं दिवसकार्य आटोपलं. आणि महिनाभराने कचेरीतून जायच्या टपालात मला एक लिफाफा दिसला, आबांच्या नावाचा. त्यांच्या हरकतीवर सुनावणी लावली होती. अर्जदाराने समक्ष हजर राहावे, न राहिल्यास हरकत नाही असे समजून प्रकरण निकाली काढण्यात येईल. ते शेवटचं वाक्य वाचून मी खुर्चीवरून उठलो. मी तो लिफाफा पोस्टात टाकला नाही, स्वतः चोपड्याला घेऊन गेलो. दाजी म्हणाले, आता सोडा हो, माणूसच गेला. अक्काने पदराला हात पुसले, कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "कोणी गेलं नाही तर काय लिहितात?" मी म्हणालो, "हरकत आली नाही, असं लिहितात." तिने कागदाची घडी घालून ती पंचांगात ठेवली. मला वाटलं, मिटलं.

सुनावणीच्या दिवशी साडेदहाला अक्का एकटीच एसटीने आली. काखेत आबांचं दप्तर. कचेरीत बातमी आधीच पसरली होती, सगळ्या शाखांमधले लोक गंमत बघायला दाराशी गोळा झाले होते. साहेब नवे होते, देशावरचे. त्यांनी फाइल उघडली, वाचली, पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि चष्मा काढून डोळे चोळले. "अर्जदार कुठं आहेत?"

"मयत आहेत साहेब," मी म्हणालो.

साहेबांना हायसं वाटलेलं दिसलं. त्यांनी पेन उचललं.

"मी आहे," अक्का म्हणाली. "सून. त्यांची वारस."

दाराशी कोणीतरी खिदळलं. साहेब म्हणाले, "ताई, बसा. तुम्हाला हे प्रकरण काय आहे ते कळलंय का? तुमचं म्हणणं काय आहे?" अक्का बसली नाही. तिने गाडीत बहुतेक बरंच काही पाठ केलं असावं, ओठ हलत होते. पण एवढी माणसं बघून तिची सगळी शाळेतली भाषा पळाली, उरली ती घरची अहिराणी. तिने दप्तर छातीशी धरलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आमनी हरकत शे."

दाराशी मग कोणी हसलं नाही. साहेबांनी पेन खाली ठेवलं. चांगला माणूस होता तो. त्यांनी माझ्याकडे वळून सांगितलं, "लिहा. अर्जदार मयत. वारस समक्ष हजर. हरकत कायम." मी लिहिलं. 

अक्काला मी स्टँडवर सोडायला गेलो. चोपड्याच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. ती अगदी मजेत होती. साहेबांच्या चष्म्याची नक्कल केली, दाराशी खिदळणाऱ्याला दोन शिव्या घातल्या, मला म्हणाली, वाळलास रे, नीट जेवत जा. गाडी सुरू झाली तेव्हा तिने दप्तर मांडीवर घेतलं. "आत्ता घरी गेले असते ना, तर आबांनी दारातच धरलं असतं," ती म्हणाली. "सूनबाई, साहेब काय म्हणाले, शब्दाला शब्द सांग. तू काय म्हणालीस, तेही सांग. चार चार वेळा विचारलं असतं, आणि मी वैतागले असते." तिने दप्तराची गाठ पुन्हा बांधली. "आता घरी जाऊन मी सांगू कोणाला रे, भाऊ?"

 गाडी फलाटावरून मागे सरली, वळली, आणि ती खिडकीतून माझ्याकडे बघत राहिली, आणि मी आपला नुसता हात हलवत उभा राहिलो.